वाचकांचे प्रश्न : खारे पाणी, गोडे पाणी आणि होडीचे इंजिन

शेतीपंप आणि डिझेल इंजिनांविषयीच्या शंकांसाठी असलेल्या या सदराकडे होडीच्या इंजिनांबद्दल पत्रे येतील, असे वाटले नव्हते. मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांपैकी एकालाही समुद्र नाही. तरीही गेल्या काही महिन्यांत सहा पत्रे आउटबोर्ड मोटरच्या, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवायच्या इंजिनाच्या, तापण्याविषयी आली आहेत आणि त्यांतल्या निम्म्या तक्रारींचे मूळ कोकणातल्या खाऱ्या पाण्यात आहे. म्हणून या वेळचे सदर त्यांनाच दिले आहे. पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघा मित्रांनी मिळून चार वर्षांपूर्वी फायबरची लहान होडी आणि १५ अश्वशक्तीचे टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिन घेतले. वर्षातून पाच-सहा वेळा ते ट्रेलरवर घालून आम्ही मालवणच्या बाजूला गळाने मासे धरायला जातो. एरवी ते घरामागच्या शेडमध्ये असते. गेल्या खेपेस समुद्रात असताना इंजिनाचा जोर कमी झाला, बाजूने पडणारी पाण्याची धार दोऱ्याएवढी बारीक झाली आणि परत आल्यावर पाहिले तर हेडजवळचा रंग भाजल्यासारखा दिसला. इथल्या गॅरेजमध्ये दोनदा कार्ब्युरेटर साफ करून मिळाला, पण फरक पडला नाही. घरी परतल्यावर दुसऱ्या दिवशी आम्ही इंजिन नळीने स्वच्छ धुऊन झाकून ठेवतो. चार वर्षांत आतले काही उघडलेले नाही. आमचे काय चुकते?
— एक वाचक, छत्रपती संभाजीनगर

उत्तर : आपण इंजिन बाहेरून धुता, त्याने रंग टिकतो, परंतु मीठ बसते ते आत, आणि आपण धुवायला घेता तोवर ते वाळून एक रात्र उलटलेली असते. आपल्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे शब्द ‘दुसऱ्या दिवशी’ हे आहेत.

मोटारगाडीत तेच ते पाणी रेडिएटरमधून फिरत राहते आणि त्यात गंज रोखणारे कूलंट घालता येते. आउटबोर्ड इंजिनाला रेडिएटर नसतो. होडी ज्या पाण्यात तरंगते तेच पाणी तळाशी, होडी ढकलणाऱ्या पंख्यालगतच्या गिअरपेटीच्या बाजूंना असलेल्या जाळीतून आत येते; गिअरपेटीच्या लगेच वर बसवलेला एक लहान पंप ते उचलतो; इंजिनाच्या उभ्या शाफ्टवर फिरणारे रबरी पात्यांचे चक्र, ज्याला सगळे इम्पेलर म्हणतात, हाच तो पंप. तिथून पाणी एका उभ्या नळीने वर जाते, सिलिंडर आणि हेड यांच्याभोवतीच्या पोकळ्यांतून फिरते, थर्मोस्टॅट, म्हणजे ठरावीक तापमानाला उघडणारी झडप, उघडला की पुढे सरकते आणि धुराबरोबर खाली उतरून बाहेर पडते. बाजूने पडणारी बारीक धार ही त्यातल्या थोड्या पाण्याला मुद्दाम काढून दिलेली वाट असते, जेणेकरून पंप चालू आहे की नाही हे चालवणाऱ्याला दिसावे. म्हणजे समुद्रात एक तास होडी चालली, तर तासभर समुद्र आपल्या इंजिनाच्या पोटातून वाहत असतो.

आता तो वाहत असेपर्यंत फारसे बिघडत नाही. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, तर साधे मीठ एका लिटर पाण्यात साडेतीनशे ग्रॅमपर्यंत विरघळू शकते. त्यामुळे वाहत्या पाण्यातून मीठ खाली बसण्याचा प्रश्नच येत नाही. ते बसते इंजिन बंद केल्यावर. गरम धातूच्या कोपऱ्याकोपऱ्यांत अडकलेले पाणी वाफ होऊन उडून जाते आणि मीठ जागेवर राहते. जायकवाडीच्या कालव्याखाली पाणी साचलेल्या जमिनीत खार कसा फुटतो, हे आपल्या भागातल्या शेतकऱ्याला वेगळे सांगायला नको: पाणी उडते, क्षार वर राहतात, आणि दरवर्षी त्यांचा थर वाढत जातो. इंजिनाच्या पोकळीत तेच घडते, फक्त तिथे ते डोळ्यांना दिसत नाही. शिवाय हे मीठ हवेतला ओलावा ओढून घेते आणि अ‍ॅल्युमिनिअमवर जे नैसर्गिक पातळ संरक्षक आवरण असते ते फोडते. मग धातूला बारीक खड्डे पडू लागतात आणि त्यातून जी पांढरी भुकटी तयार होते ती मूळ धातूपेक्षा जास्त जागा व्यापते. पाण्याच्या वाटा अरुंद होतात त्या बऱ्याच वेळा या भुकटीने, आणि ती नंतर कितीही पाणी सोडले तरी विरघळत नाही. वर्षातून पाच-सहाच दिवस वापर असलेले इंजिन रोज समुद्रात जाणाऱ्या इंजिनापेक्षा लवकर खराब होऊ शकते ते यामुळेच. रोज जाणाऱ्याचे मीठ वाळायला सवड मिळत नाही. आपल्या इंजिनाला मधे दोन-दोन महिने मिळतात.

तेव्हा उपाय मालवणातच, होडी पाण्याबाहेर आल्याबरोबर, ट्रेलर रस्त्याला लागण्यापूर्वी करायचा आहे. आपण ज्या घरगुती निवासात उतरता तिथल्या विहिरीचे पाणी मिळाले तरी पुरे. ते किंचित मचूळ असले तरी समुद्रापेक्षा शतपटीने बरे. पद्धती तीन आहेत. काही इंजिनांना बागेतली नळी जोडण्यासाठी वेगळे तोंड दिलेले असते; ते असल्यास इंजिन बंद ठेवायचे की चालू, हे त्या मॉडेलच्या माहितीपुस्तिकेत पाहावे, कारण बहुतेकांत ते बंद ठेवायचे असते. दुसरी पद्धत कानावरच्या हेडफोनसारख्या दिसणाऱ्या रबरी वाट्यांची. त्या पाण्याच्या दोन्ही जाळ्यांवर दाबून बसवतात, नळी जोडतात, आधी पाणी सोडतात आणि मगच इंजिन सुरू करतात. तिसरी, आणि माझ्या मते आपल्याकडे सर्वांत भरवशाची, म्हणजे मोठे टिपाड. इंजिन त्यात उभे सोडून पाण्याची पातळी जाळ्यांच्याच नव्हे तर पंख्यावरच्या आडव्या पत्र्याच्याही बरीच वर ठेवावी. इंजिन न्यूट्रलमध्ये, मंद गतीवर, मोकळ्या हवेत चालवावे. शक्य असल्यास पंखा काढून ठेवावा, निदान लहान मुलांना दूर ठेवावे. सुमारे दहा मिनिटे तरी चालू द्यावे. हा वेळ मीठ विरघळण्यापेक्षा थर्मोस्टॅट उघडण्यासाठी लागतो. इंजिन गरम होऊन तो उघडला नाही, तर त्याच्या पलीकडच्या पोकळीत गोडे पाणी पोचतच नाही आणि धुतल्याचे समाधान तेवढे मिळते. शेवटी इंजिन उभेच ठेवून सगळे पाणी निथळू द्यावे. आडवे ठेवायची घाई केली तर पाणी वरच्या बाजूच्या पोकळ्यांत अडकते.

आपल्या सध्याच्या बिघाडाकडे वळू. कार्ब्युरेटरचा यात संबंध दिसत नाही. प्रथम धार पडते ते बाजूचे भोक गळाच्या जाड तंगुसाने हलकेच साफ करून पाहावे. कधी कधी मिठाचा एक खडा किंवा गांधीलमाशीने बांधलेले मातीचे घर एवढ्यावरच काम भागते. तसे झाले नाही, तर इम्पेलर बदलणे आलेच. चार वर्षांचे रबर, तेही बहुतेक काळ एकाच स्थितीत दुमडून राहिलेले, पुन्हा सरळ होत नाही. गिअरपेटी उतरवताना खाऱ्या पाण्यात वापरलेल्या इंजिनाचे बोल्ट अडकलेले असतात. स्टेनलेस स्टीलचा बोल्ट आणि अ‍ॅल्युमिनिअमचे आटे यांच्यामध्ये ती पांढरी भुकटी घट्ट बसलेली असते. जोर लावून बोल्ट मोडण्यापेक्षा भेदक तेल टाकून रात्रभर थांबावे आणि मग सौम्य उष्णता द्यावी. जुन्या इम्पेलरची पाती मोजावीत. एखादे पाते तुटून नाहीसे झाले असेल तर ते वर गेलेले आहे, आणि ते सापडेपर्यंत काम पूर्ण झाले असे समजू नये; ते थर्मोस्टॅटच्या तोंडाशी किंवा नळीच्या वळणात बसते आणि नवा पंपही निकामी करते. नवा इम्पेलर बसवताना पाण्यात कालवलेला साबण किंवा ग्लिसरीन लावावे, खनिज तेलाचे ग्रीस नको, आणि शाफ्ट ज्या दिशेने फिरतो त्याच दिशेने फिरवत तो पेटीत सरकवावा. गिअरपेटी परत चढवताना पाण्याची उभी नळी तिच्या रबरी तोंडात नीट शिरली आहे, याची खात्री करावी. ती बाहेर राहिली तर सगळे नवे घालूनही धार येत नाही आणि दोष सुट्या भागांना दिला जातो.

हेडजवळचा रंग भाजला आहे त्याअर्थी इंजिन चांगलेच तापले होते. तेव्हा दोन्ही सिलिंडरांचे कॉम्प्रेशन, म्हणजे पिस्टन आत किती दाब तयार करतो ते, मोजून घ्यावे. दोन्हींत ठळक फरक दिसला, तर पाण्याच्या वाटेचा प्रश्न मागे पडून पिस्टनचा आणि गॅस्केटचा प्रश्न पुढे येतो, आणि त्याचा खर्च कळल्याशिवाय बाकीच्या दुरुस्तीत पैसे घालू नयेत.

प्रश्न : नाथसागरात मासेमारीसाठी आम्ही रत्नागिरीकडून एक जुने आउटबोर्ड इंजिन विकत आणले आहे. आता ते गोड्या पाण्यातच चालणार. म्हणजे खारेपणाची काळजी संपली असे समजावे का?
— एक वाचक, पैठण

उत्तर : पुढची काळजी बरीचशी संपली, मागची नाही. सुटे मीठ असेल ते पहिल्या काही फेऱ्यांत विरघळून नाथसागराच्या पाण्यात कुठल्या कुठे जाईल. परंतु चुन्याचे क्षार आणि अ‍ॅल्युमिनिअमची भुकटी साध्या पाण्याने निघत नाहीत. म्हणून हंगाम सुरू होण्यापूर्वी थर्मोस्टॅटचे झाकण एकदा उघडून आत पाहा. तेवढ्या एका खिडकीतून इंजिनाच्या आधीच्या मालकाची सारी सवय दिसते. आतली पोकळी करडी आणि स्वच्छ असेल तर त्याने इंजिन धुतले आहे. पांढरा, खडबडीत थर दिसला तर हेडवरचे पाण्याचे झाकण काढून सर्व वाटा मोकळ्या करून घेणे शहाणपणाचे. सौदा झाल्यावर हा सल्ला थोडा उशिराचा आहे, हे मान्य. पण विकणारा टिपाडात इंजिन चालवून दाखवतो तेव्हा ते पाच मिनिटांत तापत नाही, आणि घेणाऱ्याचे समाधान तेवढ्यावरच होते.

दुसरी गोष्ट बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. इंजिनाच्या खालच्या भागाला, आणि पुष्कळ मॉडेलांत पाण्याच्या पोकळीच्या आतही, जस्ताचे लहान तुकडे बसवलेले असतात. अ‍ॅल्युमिनिअम, स्टेनलेस स्टील आणि पितळ असे वेगवेगळे धातू एकाच क्षारयुक्त पाण्यात असले की त्यांच्यात विजेचा बारीक प्रवाह सुरू होतो आणि त्यातला दुबळा धातू झिजतो. जस्त त्यांच्याहून दुबळे असल्याने ते स्वतः झिजते आणि इंजिनाला वाचवते. किनाऱ्यावर हे सर्वांना ठाऊक असते. ‘झिंक बदलले का?’ हा तिथला नेहमीचा प्रश्न आहे. गोड्या पाण्यात मात्र जस्तावर एक कठीण पापुद्रा धरतो आणि ते काम करणे थांबवते. बाहेरून तुकडा शाबूत दिसतो, आणि नेमके तेच वाईट लक्षण असते. नाथसागरासाठी मॅग्नेशिअमचे किंवा खास मिश्रधातूच्या अ‍ॅल्युमिनिअमचे तुकडे बसवून घ्यावेत. त्यांवर रंग मारू नये, ते बसतात ती जागा घासून उघडी धातू करावी, आणि निम्मे झिजले की बदलावे. मॅग्नेशिअम लावलेले इंजिन उद्या पुन्हा समुद्रावर नेलेत, तर ते तुकडे फार झपाट्याने संपतील. इंजिन दोन्हीकडे फिरणार असेल तर अ‍ॅल्युमिनिअमचेच तुकडे घ्यावेत.

आणि नाथसागराचा स्वतःचा एक त्रास आहेच. उन्हाळ्यात पाणी मागे सरकते, किनाऱ्याला उथळ चिखल राहतो आणि इंजिनाची जाळी नेमकी त्या चिखलाच्या उंचीवर येते. अशा जागी वल्ह्याने किंवा बांबूने होडी खोल पाण्यात न्यावी आणि मगच इंजिन खाली सोडावे.

प्रश्न : आमच्याकडे बोअरचे पाणी इतके जड आहे की कूलरच्या जाळ्या एका उन्हाळ्यात पांढऱ्या होतात. समुद्रावरून आणलेले इंजिन या पाण्याने धुतले तर एक क्षार काढून दुसरा भरल्यासारखे होणार नाही का? शिवाय उन्हाळ्यात एवढे पाणी आणायचे कोठून?
— एक वाचक, लातूर

उत्तर : शंका रास्त आहे, पण प्रमाण पाहा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात विरघळलेल्या क्षारांची इष्ट मर्यादा लिटरला ५०० मिलिग्रॅम आणि दुसरा स्रोत नसेल तर चालवून घेण्याची मर्यादा २,००० मिलिग्रॅम आहे. समुद्राच्या पाण्यात ते सुमारे ३५,००० मिलिग्रॅम असतात. आपले बोअर अगदी २,००० च्या काठावर असले तरी ते समुद्राच्या सतराव्या हिश्श्याइतकेच खारे आहे, आणि त्यातला मोठा भाग कॅल्शिअम-मॅग्नेशिअमचा असून धातूला खाणाऱ्या क्लोराइडचा वाटा कमी असतो. म्हणून बोअरच्या पाण्याने धुणे हे न धुण्यापेक्षा केव्हाही चांगले. कूलरच्या जाळ्या पांढऱ्या होतात कारण तिथे दिवसभर पाणी उडून जात राहते आणि क्षार साठत राहतात. इंजिन धुताना पाणी वाहून जाते, उरतो तो ओलावा.

पाण्याच्या टंचाईबद्दल लातूरकरांना कोणी शिकवू नये. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आले तेव्हाची पहिली गाडी ५ लाख लिटरची होती आणि शहरात तेही मोजून वाटले गेले. लहान इंजिनाला एक २०० लिटरचे टिपाड पुरते, आणि बोअरच्या पाण्याने दहा मिनिटे चालवल्यानंतर शेवटची दोन मिनिटे स्वच्छ पाणी नळीने देता आले तर उत्तमच. पावसाळ्यात पत्र्यावरून उतरलेले पाणी साठवले असेल, तर त्याच्याइतके चांगले पाणी या कामाला दुसरे नाही. घरातल्या शुद्धीकरण यंत्रातून वाया जाणारे पाणी मात्र वापरू नये; काटकसर म्हणून पुष्कळजण ते साठवतात, पण ते मूळ पाण्यापेक्षा जास्त क्षारांचे असते. टिपाडातले वापरलेले पाणी झाडांना घालण्याचा मोहही टाळावा, कारण त्यात मीठ आणि तेल दोन्ही असतात. एकाच टिपाडात दोन इंजिने पाठोपाठ धुऊ नयेत. दुसऱ्याच्या वाट्याला पहिल्याचे मीठ आणि गरम झालेले पाणी येते.

प्रश्न : माजलगाव धरणात आमची होडी मंद चालवली तर इंजिन थंड राहते, धारही जोरात पडते, पण वेग वाढवला की काही मिनिटांत धोक्याची शिट्टी वाजते. धार चांगली असताना इंजिन तापते कसे?
— एक वाचक, माजलगाव, जि. बीड

उत्तर : बाजूची धार पंप चालू असल्याचे सांगते, सगळ्या पोकळ्यांत पाणी पोचल्याचे नाही. अनेक मॉडेलांत ती थर्मोस्टॅटच्या अलीकडूनच काढलेली असते, त्यामुळे थर्मोस्टॅट मिठाने बंद अवस्थेत अडकला तरी धार दिमाखात पडत राहते.

आपले लक्षण मात्र उपयोगी आहे. मंद गतीत इम्पेलरची पाती पेटीच्या भिंतीला टेकलेली असतात आणि हातपंपासारखे पाणी ढकलतात. वेग वाढला की ती मागे वाकतात आणि शेतातल्या मोनोब्लॉक पंपासारखे फेकून पाणी चढवतात. मंद गतीत तापणारे आणि वेगात थंड होणारे इंजिन बहुधा झिजलेल्या पात्यांचे असते. आपले उलटे आहे, म्हणजे जास्त पाणी लागते तेव्हा ते मिळत नाही. अशा वेळी आधी पाण्याची जाळी पाहावी. अर्धी बंद जाळी मंद गतीला पुरते, वेगाला नाही. प्लास्टिकचा तुकडा, शेवाळ, कधी जाळीवर कोणी मारलेला रंग! त्यानंतर इंजिन फळीवर फार उंच बसवलेले नाही ना, हे पाहावे, कारण वेगात होडी पाण्यावर उचलली जाते आणि पाण्याबरोबर हवा आत जाते. मग वेगात दाब वाढल्यावर उघडणारी स्प्रिंगची झडप तपासावी, ती अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटच्या शेजारीच असते.

थर्मोस्टॅटची परीक्षा स्वयंपाकघरातल्या पातेल्यातही होते. तो दोऱ्याने पाण्यात लोंबता ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, आणि शेजारी थर्मामीटर ठेवून पाणी तापवावे. मोटारगाडीचा थर्मोस्टॅट साधारण ८० ते ९० अंशांना उघडतो. आउटबोर्डचे बहुतेक ५० ते ६० अंशांच्या आसपास उघडतात. हा फरक खाऱ्या पाण्यासाठीच ठेवलेला आहे, कारण पाणी जास्त तापले की त्यातले चुन्याचे क्षार बाहेर पडून गरम धातूवर चिकटू लागतात. त्यामुळे माप जुळते म्हणून गाडीचा थर्मोस्टॅट बसवू नये. आणि ‘थर्मोस्टॅटच काढून टाका, कटकट संपेल’ हा सल्लाही ऐकू नये. कायम थंड चालणाऱ्या टू-स्ट्रोकमध्ये काजळी धरते, फोर-स्ट्रोकमध्ये न जळलेले पेट्रोल इंजिन ऑइलमध्ये उतरते.

प्रश्न : आतला क्षार काढण्यासाठी संडास साफ करण्याचे अ‍ॅसिड पातळ करून फिरवले तर चालेल का?
— एक वाचक, परभणी

उत्तर : नाही. त्यात हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिड असते आणि ते क्षाराआधी अ‍ॅल्युमिनिअम खाते. कॉस्टिक सोडाही तेच करतो. थर्मोस्टॅटचे झाकण, हेडवरचे झाकण असे सुटे भाग साध्या व्हिनेगरमध्ये किंवा लिटरभर कोमट पाण्यात ५० ग्रॅम लिंबूसत्त्व विरघळवून त्यात अर्धा तास बुडवावेत, फेस येणे थांबले की नायलॉनच्या ब्रशने घासून भरपूर पाण्याने धुवावेत. याने चुन्याचा थर निघतो. धातूची पांढरी भुकटी मात्र लाकडी काडीने खरवडूनच काढावी लागते. लोखंडी तारेचा ब्रश वापरू नये.

प्रश्न : आम्ही पुराच्या वेळी बचावकार्याला जाणारे स्वयंसेवक आहोत. आमच्या रबरी होडीचे ओबीएम (आउटबोर्ड मोटर) गोदावरीच्या गढूळ पाण्यात चालते. समुद्राशी आमचा संबंध नाही, तरी दर पावसाळ्यात इम्पेलर जातो. कारण काय असावे?
— एक वाचक, नांदेड

उत्तर : पुराच्या पाण्यातल्या बारीक वाळूचे काम मिठाहून वेगळे, पण तितकेच वाईट. ती रबराची पाती झिजवते आणि पेटीच्या आतल्या स्टीलच्या भिंतीवर व खालच्या पत्र्यावर चरे पाडते. चरे पडलेल्या पेटीत नवा इम्पेलर घातला तरी पाणी त्या चऱ्यांतून परत फिरते आणि नवे रबरही लवकर घासले जाते. दर पावसाळ्यात तो जातो याचा अर्थ बहुधा आपण फक्त रबर बदलता. या वेळी पंपाचा पूर्ण संच, म्हणजे पेटी, पत्रा, इम्पेलर शाफ्टला अडकवणारी चावी आणि गॅस्केटसह, बदलून पाहा.

गाळ सिलिंडरभोवतीच्या पोकळीत तळाशी बसतो आणि वाळला की विटेसारखा होतो. त्यामुळे खाऱ्या पाण्यासाठी वर सांगितलेला नियम आपल्यालाही लागू आहे: काम संपल्यावर, रात्र झाली असली तरी, इंजिन टिपाडात धुऊनच ठेवावे. पाण्यात असताना शिट्टी वाजली किंवा धार तुटली तर इंजिन तत्काळ बंद करावे, वर उचलावे आणि जाळीवरची जलपर्णी, चिंधी, पिशवी हाताने काढावी. प्रवाहात इंजिन बंद करण्याची भीती वाटते, ती समजण्यासारखी आहे. म्हणूनच वल्ही आणि नांगर होडीत असलेच पाहिजेत. तापलेले इंजिन आणखी दोन मिनिटे रेटले तर पिस्टन जाम होतो, आणि मग होडी प्रवाहाच्या मर्जीवर जाते ती उरलेल्या फेरीभर.

आणखी एक कारण आपल्या पत्रात नाही, पण मला त्याचाच संशय अधिक आहे. पावसाळ्यापूर्वी साहित्याची तपासणी होते, रंगीत तालीम होते, आणि कोणी तरी म्हणते, ‘सुरू होते का तेवढे दाखवा.’ इंजिन स्टँडवर कोरडेच असते. दोरी ओढली जाते, इंजिन गुरगुरते, सगळ्यांचे समाधान होते आणि ते बंद केले जाते. इम्पेलरच्या रबराला पाणी हेच वंगण आहे. कोरड्या पेटीत ते काही सेकंदांतच घासून तापते, पात्यांच्या कडा वितळतात, आणि हे बाहेरून कोणालाच कळत नाही. मग पहिल्या पुरात इम्पेलर गेला की दोष गाळाला दिला जातो. तेव्हा तपासणीच्या दिवशी आवारात टिपाड भरून ठेवा, आणि ते भरलेले नसेल तर तपासणाऱ्या साहेबांना नम्रपणे नाही म्हणा.